पाच पाकळ्यांचा कॅमेलिया

टॉवेलची डिझाइनं काढणं हे माझं काम. मागच्या आठवड्यात बाहेरच्या पार्टीची ऑर्डर आली: बॉर्डरला कॅमेलिया हवा. सोबतच्या फोटोत पांढरंशुभ्र, पाकळीवर पाकळी चढलेलं फूल, मधे केसराचा मागमूस नाही. शेठ म्हणाले, "मास्तर, हा तर डेलिया."

ते फूल म्हणजे 'अल्बा प्लेना'. चिनी बागांतली जुनी जात. 1792 मध्ये जहाजातून इंग्लंडला पोचली आणि तिकडचे श्रीमंत काचघरं बांधून ती जपू लागले. 1848 मध्ये आलेल्या फ्रेंच लेखक धाकट्या द्युमाच्या कादंबरीतली नायिका महिन्याचे पंचवीस दिवस पांढरे आणि पाच दिवस तांबडे कॅमेलिया जवळ बाळगते. त्याच कथेवरचा इटालियन संगीतकार व्हेर्दीचा ऑपेरा 1853 मध्ये व्हेनिसला झाला. पुढे फ्रेंच फॅशन डिझायनर कोको शनेलनं पांढरा कॅमेलिया कपड्यांवर आणला. पार्टीचा फोटो याच परंपरेतला.

माझा जीव मात्र जपानच्या रानातल्या त्सुबाकीवर, म्हणजे तिथल्या रानटी कॅमेलियावर जडलाय. मोजक्या, पाचेक तांबड्या पाकळ्या, मधे पिवळ्या केसरांचा दाट जुडगा. पाकळ्या आणि केसर बुडाशी जोडलेले असतात, म्हणून हे फूल पाकळी-पाकळी झडत नाही, अख्खंच खाली पडतं. तुटलेल्या मुंडक्याची आठवण येते म्हणून सामुराई योद्धे ते टाळत, असं सांगतात. पण चहाविधीच्या खोलीत हिवाळ्यात मान याच फुलाचा. कडाक्याच्या थंडीत किडे कमी, तेव्हा मेजिरो पक्षी मध प्यायला येतो. आपल्याकडे शेवग्यावर चष्मेवाला येतो ना, त्याचाच भाऊबंद. मग बी धरतं. त्या बियांचं तेल इझू ओशिमा बेटावरच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या केसांना लावत आल्या.

अल्बा प्लेनात केसरांच्याच पाकळ्या झाल्या आहेत. बी जवळजवळ धरतच नाही. झाड वाढवायचं ते कलमांनी. देखणं आहे, पण मला त्यात फुलाचं कामच दिसत नाही.

सोलापूरच्या उन्हात आणि चुनखडीच्या काळ्या मातीत कॅमेलिया टिकणं अवघड, त्याला आम्लधर्मी माती लागते. पण याच वंशातलं एक झाड आपल्या घराघरांत रोज उकळतं: कॅमेलिया सायनेन्सिस, म्हणजे चहा. आसामातले सिंगफो लोक तो आधीपासूनच पीत होते. रॉबर्ट ब्रूस या स्कॉटिश माणसाला त्याची माहिती 1823 मध्ये मिळाली. चहाचं फूलही तसंच, लहान, पांढरं, पिवळ्या केसरांचं. हे सांगितल्यावर शेठनी हातातला कप खाली ठेवला आणि त्या फुलाचा फोटो मागितला.

शिवाय टेरीत, म्हणजे टॉवेलच्या लूपवाल्या कापडात, बारीक पाकळ्यांच्या कडा लूपमधे बुजून जातात. पाच पाकळ्या ग्राफवर मोकळ्या बसतात, केसरांना पिवळा धागा उठून दिसतो. पार्टीला दोन्ही नमुने जातील. पाच पाकळ्यांचा वर ठेवलाय, आणि हाच का घ्यावा ते शेठ स्वतः फोनवर सांगणार आहेत.