व्हेर्गोंला जंगल नाही

दक्षिण फ्रान्समधल्या व्हेर्गों या चिमुकल्या गावात, रस्त्याकडेला उभ्या केलेल्या गाडीत बसून मी पिशवीतले पुस्तक बाहेर काढले आणि त्याचे पहिलेच पान नीट वाचल्यावर माझ्या लक्षात आले की, आपण शंभरेक किलोमीटर भलत्याच दिशेला आलो आहोत. पुस्तक अगदी छोटे, एका बैठकीत वाचून संपणारे. निघण्यापूर्वी ते पुन्हा एकदा वाचून घ्यायला काय झाले होते, असे पुतणीने विचारले नाही. तिने फक्त पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. जावईबापू बाहेर उभे राहून डोंगर न्याहाळत होते, म्हणजे माझ्याकडे पाहायचे टाळत होते. त्यांचा सुट्टीचा शनिवार मी खर्ची घातला होता.

या फजितीचे मूळ पुण्यातल्या वेताळ टेकडीवर आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी जुलैमधल्या एका रविवारी तिथे वृक्षारोपणाचा कार्यक्रम होता. आमच्या गटाने भर पावसात शंभर रोपे लावली, वडापाव आणि चहा झाला, आणि निघताना प्रत्येकाच्या हातात एका गोष्टीची छायाप्रत ठेवण्यात आली. गोष्ट होती ‘झाडे लावणारा माणूस’, आणि लेखक फ्रेंच, ज्याँ जिओनो. गोष्ट सांगणारा तरुण १९१३ साली प्रोव्हान्सच्या उजाड पठारावर पाण्याच्या शोधात भटकत असताना त्याला एल्झेआर बूफिए नावाचा पंचावन्न वर्षांचा मेंढपाळ भेटतो. बायको आणि मुलगा दोघांनाही गमावलेला हा अबोल माणूस रात्री दिव्याच्या उजेडात टेबलावर ओकच्या बियांचा ढीग ओततो, एकेक बी निरखून चांगल्या-वाईट वेगळ्या करतो, चांगल्यांचे दहा-दहांचे वाटे घालतो, त्यांतूनही बारीक किंवा तडकलेल्या काढून टाकतो आणि नेमक्या शंभर बिया उरल्या की झोपायला जातो. पाहुणा मदत करू का विचारतो, तर हे माझे काम आहे, एवढेच उत्तर मिळते. तीन वर्षांत त्याने एक लाख बिया लोखंडी गजाने भोके पाडून जमिनीत घातलेल्या असतात. त्यांतल्या वीस हजार उगवलेल्या असतात, आणि त्यांतल्याही निम्म्या उंदीर-घुशी आणि दैव खाऊन टाकतील, असा त्याचा हिशेब असतो.

मी चौतीस वर्षे बँकेत काढली. हिशेब जुळत असेल तर माणूस खरा, अशी माझी एक खुळी समजूत होती. दहा हजार झाडे उरतील असे बिनदिक्कत सांगणाऱ्या त्या मेंढपाळावर मी अनेक वर्षे विश्वास ठेवला, त्याचे उदाहरण दोन-तीन भाषणांत दिले, आणि निवृत्तीनंतर कधीतरी कळले की असा कोणी माणूस नव्हताच. ‘रीडर्स डायजेस्ट’ने जिओनोकडे आयुष्यात भेटलेल्या सर्वांत अविस्मरणीय व्यक्तीविषयी लेख मागितला होता. त्याने १९५३ साली हा मेंढपाळ पाठवून दिला. मासिकाने चौकशी केली, तेव्हा असा माणूस कुठे सापडेना, आणि लेख परत आला. मग जिओनोने तो कोणालाही फुकट छापू दिला. १९५४ साली तो ‘व्होग’ या फॅशनच्या मासिकात आला, आणि तिथून जगभर पसरला. पुढे १९५७ साली एका वन अधिकाऱ्याने पत्राने विचारले, तेव्हा जिओनोने सरळ कळवले की पात्र काल्पनिक आहे, लोकांना झाडे लावण्याची गोडी लागावी म्हणून रचलेले आहे, आणि या लिखाणातून आपल्याला एक छदामही मिळालेला नाही. खोटी सही मंजूर केल्यासारखे मला तेव्हा वाटले होते. तरीही माणूस खोटा असला तरी गावे खरी असतील, या आशेवर मी व्हेर्गोंला गेलो. गोष्टीत हे गाव १९१३ साली दहा-बारा घरांचे आणि तीन माणसांचे असते आणि शेवटी पाणी, बागा, तरुण जोडपी यांनी गजबजते.

पुतणी आणि जावई मानोस्कमध्ये राहतात. तिथून जवळच कादाराश येथे ईटर हा अणुसंमीलनाचा प्रचंड प्रकल्प उभा राहत आहे. भारत त्याच्या सात भागीदारांपैकी एक असल्यामुळे मानोस्कच्या बाजारात अधूनमधून मराठीही कानावर पडते. पॅरिसमध्ये आम्ही चार दिवस होतो, त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही, रांगा होत्या. मानोस्कमध्ये मात्र मी पंधरा दिवस राहिलो आणि रोज सकाळी जुन्या गावात एक फेरी मारली.

जिओनो याच गावात ३० मार्च १८९५ रोजी जन्मला आणि ऑक्टोबर १९७० मध्ये याच गावात वारला. वडील चांभारकाम करत, घराणे मूळचे इटलीतले. आई कपडे धुण्या-इस्तरीचा व्यवसाय चालवी. सोळाव्या वर्षी शाळा सोडून तो बँकेत हरकाम्या म्हणून लागला आणि युद्धाची वर्षे सोडली तर १९२९ च्या अखेरीपर्यंत बँकेतच होता. हे वाचल्यापासून माझा त्याच्यावरचा राग निम्म्याने उतरला होता, हे कबूल करतो. बँकेत काम करता करता होमर आणि व्हर्जिल वाचणारा कारकून मी एकही पाहिलेला नाही. आमच्या शाखेत फार तर दिवाळी अंक फिरत. १९२९ साली ‘कोलिन’, म्हणजे ‘टेकडी’, ही त्याची कादंबरी गाजली आणि त्यानंतर त्याने नोकरी सोडली. पुढल्या वर्षी आलेल्या ‘रगँ’ या कादंबरीचे नाव मला विशेष आवडते. गवत एकदा कापल्यावर जे पुन्हा फुटून येते, त्याला तो शब्द आहे. आपल्याकडे उसाला खोडवा म्हणतात, त्याच जातीचा. ओस पडत चाललेल्या गावात उरलेला एक पुरुष, एक बाई आणि पुन्हा पेरलेला गहू, एवढीच ती कथा.

या पुस्तकांमुळे फ्रान्समध्ये त्याच्यावर ‘प्रादेशिक’ असा शिक्का बसला. आपल्याकडेही ‘ग्रामीण’ म्हटले की लेखकाला वेगळ्या पंगतीत बसवतात, म्हणून मला त्या शब्दाचा मुळातच राग आहे. जिओनोच्या बाबतीत तर तो शिक्का हास्यास्पद आहे, कारण या माणसाला शेतावरच्या सूर्योदयांपेक्षा पहिल्या महायुद्धातल्या व्हर्दँच्या लढाईने जास्त घडवले. विशीत तो पायदळात गेला, व्हर्दँचा नरसंहार त्याने पाहिला, १९१८ साली विषारी वायूचा फटका खाल्ला आणि परतला तो कायमचा युद्धविरोधी होऊन. १९३९ मध्ये शांततावादी म्हणून त्याला अटक झाली आणि मार्सेच्या किल्ल्यात डांबले गेले. १९४४ मध्ये नेमक्या उलट बाजूने, जर्मनांच्या काळात त्यांना धार्जिण्या नियतकालिकांत छापून आला म्हणून, पुन्हा अटक झाली. खटला चाललाच नाही, पण काही काळ त्याचे लेखन छापणे बंद पडले. त्याच युद्धात त्याने घरात ज्यू आणि कम्युनिस्ट माणसांना आसरा दिला होता, हेही खरे आहे. एवढे सोसून आलेला माणूस १९५१ साली ‘छपरावरचा हुसार’ (हुसार म्हणजे घोडदळातला शिपाई) लिहितो, तेव्हा त्यातली पटकीची साथ ही नुसती पटकीची साथ राहत नाही. त्या कादंबरीचा नायक अँजेलो जमावापासून पळून मानोस्कच्या छपरांवर दिवसच्या दिवस काढतो. मी त्या गल्ल्यांतून वर पाहत हिंडलो; कोकणातल्या जुन्या घरांवरच्या नळीच्या कौलांसारखीच कौले, आणि छपरे एकमेकांना इतकी चिकटलेली की अँजेलोला काही अवघड गेले नसावे. मला मात्र मान अवघडल्यामुळे दोन दिवस तेल लावून घ्यावे लागले.

त्याचे घर मला आतून पाहता आले नाही. ‘पराइस’ नावाचे ते घर गावाबाहेरच्या उतारावर आहे, १९३० मध्ये त्याने ते घेतले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिला. भेट आधी ठरवावी लागते, हे पुतणीने मला दोनदा सांगितले होते. मी आपला चढ चढत गेलो आणि फाटकावरून परत आलो. त्या चढाच्या रस्त्याला त्याच्याच एका पुस्तकाचे नाव दिलेले आहे: ‘खऱ्या संपत्तीचा चढ’. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या बँकवाल्याने त्या पाटीखाली उभे राहून दम खाल्ला. संध्याकाळी जावयांना सांगितले की, कादाराशला अणुकेंद्र आणण्याविरुद्ध म्हाताऱ्या जिओनोने लिहिले होते, ते एवढे निर्धोक असेल तर पॅरिसमध्येच का बांधत नाही, अशा अर्थाचे. जावई म्हणाले, “काका, त्याच केंद्राशेजारी आमचे पोट आहे.” तो विषय तिथेच मिटला.

तर व्हेर्गों. दोन तासांहून अधिक वळणे घेत आम्ही पोहोचलो, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरे, मागे डोंगर, आणि ओकचे अवाढव्य जंगल कुठेच नाही. तेव्हा मी ते पहिले पान उघडले. जिओनोने तिथे जमिनीच्या मोजणीदाराप्रमाणे प्रदेशाच्या हद्दी दिल्या आहेत: आग्नेयेला आणि दक्षिणेला द्यूरांस नदीचा सिस्तरों ते मिराबो हा भाग, उत्तरेला द्रोम नदीचा वरचा ओघ, पश्चिमेला व्हाँतू पर्वताच्या पायथ्याचे मैदान. म्हणजे गोष्ट संपूर्णपणे द्यूरांसच्या पश्चिमेला घडते, आणि खरे व्हेर्गों नदी ओलांडून पार पूर्वेला, व्हेर्दों नदीच्याही पलीकडे आहे. त्याने गावाचे नाव उचलले आणि हवे तिथे नेऊन ठेवले. आपला दक्षिण हा कल्पनेतला दक्षिण आहे, असे तो स्वतःच सांगत असे. मीच चतुःसीमा तपासल्याशिवाय कर्ज मंजूर केले होते. येताना गाडीत कोणी फारसे बोलले नाही.

पुढल्या शनिवारी पुतणीने आपण होऊन गाडी काढली. या वेळी पश्चिमेला, ल्यूर पर्वताच्या बाजूला. वाटेत बानों लागले. गोष्टीतला बूफिए १९४७ साली इथल्याच वृद्धाश्रमात शांतपणे मरतो. मी त्याबद्दल कोणाला विचारले नाही, तेवढी शरम आता आली होती. इथले शेळीच्या दुधाचे चीज चेस्टनटच्या वाळक्या पानांत गुंडाळून वर ताडाच्या धाग्याने बांधतात. पुडी पाहून मला पळसाच्या पानांतल्या लोण्याची आठवण झाली, वासावरून मात्र कशाचीच झाली नाही. गाडीच्या काचा पुढचा सगळा रस्ता उघड्या ठेवाव्या लागल्या.

वर कोंतादूरचे पठार आहे. १९३५ च्या सप्टेंबरात जिओनो तरुणांचा एक जथा घेऊन इथे पायी आला होता, गुडघा दुखावल्यामुळे थांबला, आणि त्या थांब्यातूनच दरवर्षीचे शांततावादी मेळावे सुरू झाले. १९३९ च्या सप्टेंबरात युद्धानेच ते मोडले. आम्ही गेलो तेव्हा ऑक्टोबर होता, लव्हेंडर कधीच कापून नेलेले, करड्या खुंटांच्या रांगा तेवढ्या उरलेल्या, आणि वारा असा की टोपी हातात धरून चालावे लागे. जवळच रदोर्तिए हे ओस पडलेले जुने गाव आहे. ‘रगँ’मधले गाव त्याच्यावरून घेतले असे मानतात. छपरे गेलेली, भिंती कंबरेएवढ्या, आणि एका घराच्या ऐन माजघरात झाड उगवलेले. कोणी लावलेले नव्हते ते. माणसे खाली शहरांत निघून गेली, मेंढ्या कमी झाल्या, आणि झाडे आपली आपण आत शिरली. या प्रदेशातले पुष्कळसे जंगल असेच आलेले आहे.

तिथे कुत्र्याला घेऊन एक वृद्ध गृहस्थ फिरत होते. पुतणीने नमस्कार-चमत्कार केले आणि मी शेवटी तो प्रश्न विचारलाच. बूफिएचे नाव ऐकून ते हसले नाहीत, बहुधा सवय असावी. त्यांनी काठीने ल्यूरच्या उतारावरची गडद पट्टी दाखवली. ते काळे पाइन, ते म्हणाले, सरकारच्या वनखात्याने लावले. आमचे आजोबा त्या कामावर रोजंदारीने जात. पुरांनी हैराण झालेल्या सरकारने १८६० मध्ये आणि पुन्हा १८८२ मध्ये डोंगर राखण्याचे कायदे केले, उतार ताब्यात घेतले, आणि तिथे चरणाऱ्या मेंढ्यांना बंदी केली. मेंढपाळांचे आणि वनखात्याचे त्यामुळे हाडवैर होते. “मेंढपाळाने जंगल लावले, हे लिहायला जिओनोच हवा,” असे ते म्हणाल्याचे पुतणीने सांगितले. मला एकदम आठवले की गोष्टीतही बूफिए पुढे मेंढ्या काढून टाकतो, कारण त्या रोपे खातात, आणि मधमाश्या पाळतो; आणि वनखात्याचा रखवालदार येऊन त्यालाच बजावतो की, या ‘नैसर्गिक’ जंगलात शेकोटी पेटवू नकोस. म्हणजे जिओनोला सगळे पक्के ठाऊक होते. माझ्या छायाप्रतीत तो विनोद होता, आणि मी तो इतकी वर्षे बोधकथा म्हणून वाचत होतो.

मग त्या गृहस्थांनी विचारले, तुमच्याकडे काय लावतात? आमच्या टेकड्यांवर वनखात्याने गिरिपुष्प भरमसाट लावले, तो आमचा काळा पाइन, असे मी सांगितले. आणि तुम्ही स्वतः? शंभर रोपे, मी म्हणालो. किती जगली?

मी खरे ते मराठीत सांगितले. त्या जुलैनंतर ती रोपे पाहायला मी एकदाही वर गेलो नव्हतो. घरापासून टेकडी वीस मिनिटांवर आहे. पुतणीने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि त्यांना फ्रेंचमध्ये काहीतरी थोडक्यात सांगितले. त्यांनी समाधानाने मान हलवली, माझा हात हातात घेतला आणि कुत्र्यामागे निघून गेले.

गाडीत बसल्यावर मी विचारले, “काय सांगितलेस त्यांना?”

“वीस जगली म्हणून सांगितले,” काच खाली करत ती म्हणाली. “शंभराला वीस. बूफिएचाच हिशेब, काका.”