गालांवर, डायपरखाली आणि आईच्या बोटांवर

सात महिन्यांच्या त्या बाळाला एक्झिमा आहे हे दारातूनच कळत होतं. दोन्ही गाल खरखरीत, कोपरांवर आणि पोटऱ्यांवर कोरडे चट्टे, खाजवून सोललेली त्वचा. पण डायपर काढला आणि चित्र जुळेना. बाळांच्या एक्झिमात डायपरखालची त्वचा बहुधा सुटते, कारण तिथे ओल टिकते आणि बाळाचा हातही पोचत नाही. इथे गुदद्वाराभोवती लालभडक पट्टा होता, तसाच तोंडाभोवती. डायपर घासून झालेली लाली मांड्यांच्या आणि कुल्ल्यांच्या फुगीर भागावर येते. बुरशी असेल तर जांघेच्या घड्या लाल होतात आणि भोवती बारीक पुटकुळ्या विखुरतात. या दोन्हींपैकी काहीच नव्हतं. लाली बरोबर तिथेच होती, जिथे बाळाला पुसलं जातं.

बाळाला धरलेल्या आईच्या उजव्या हाताकडे लक्ष गेलं. अंगठा आणि पहिल्या दोन बोटांच्या टोकांना भेगा पडल्या होत्या. "भांड्यांच्या साबणाने झालंय," त्या म्हणाल्या. भांडी घासताना दोन्ही हात भिजतात, आणि त्यांचा डावा हात स्वच्छ होता.

एक्झिमाच्या प्रत्येक बाळाच्या पालकांना मी आधीच सांगून ठेवतो की अंगाला लागणारी प्रत्येक वस्तू घेऊन या, रिकामी बाटलीसुद्धा. टेबलावर मांडणी झाली: साबण, बेबी वॉश, लोशन, तेल, पावडर, वाइप्स आणि लेबल नसलेली मलमाची एक डबी. जवळजवळ सगळ्यांवर पुढच्या बाजूला 'सौम्य' किंवा 'हायपोअलर्जेनिक' (म्हणजे ॲलर्जीची शक्यता कमी) लिहिलेलं. अमेरिकेच्या एफडीएकडे, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाकडे, 'हायपोअलर्जेनिक'ची कायदेशीर व्याख्याच नाही, म्हणून मी डबा सरळ उलटा करून घटकांची यादी वाचतो. वाइप्सच्या यादीत शेवटून तिसरं नाव होतं मिथाइलआयसोथायाझोलिनोन.

"डॉक्टर, यात तर सुगंधही नाही," बाळाचे वडील म्हणाले. ते खरंच होतं. पण ओल्या वाइप्समध्ये पाणी असतं, पाण्यात जंतू वाढतात, म्हणून परिरक्षक घालावाच लागतो, आणि हा परिरक्षक संपर्कातून ॲलर्जी करण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्माटायटिस सोसायटीने 2013 साली त्याला वर्षाचा ॲलर्जेन ठरवलं. युरोपीय संघाने धुऊन न टाकण्याच्या सौंदर्यप्रसाधनांत त्याच्यावर 2017 पासून बंदी घातली. वाइप्स अगदी याच प्रकारात मोडतात. पुसल्यावर द्रव त्वचेवरच वाळतो, वर डायपर घट्ट बसतो आणि दर काही तासांनी नवा थर चढतो. दूध पाजल्यावर तोंडही त्याच वाइपने पुसलं जात होतं. पुसणारी बोटं आईची.

वाइप्स त्याच दिवशी बंद केले. त्यांच्या जागी साधं कोमट पाणी आणि मऊ सुती कापड. शी चिकटली असेल तर कापडावर थोडी पेट्रोलियम जेली.

बाकीची मांडणीही निम्म्याहून कमी झाली. साबणाचा सामू (pH) 9 ते 10 असतो, निरोगी त्वचेचा 5 च्या आसपास. हा फरक एक्झिमाच्या त्वचेला सोसत नाही, म्हणून साबण बाद. बेबी वॉशमध्ये सोडियम लॉरिल सल्फेट हे त्वचेला झोंबणारं फेसाचं रसायन आणि लॅव्हेंडरचं तेल होतं, तोही बाद. वनस्पतीचं सुगंधी तेल नैसर्गिक असलं तरी सुगंधच असतं. पावडर गेली, कारण ती ओल शोषते आणि श्वासातून आत जाते. लेबल नसलेली डबी मी कुणालाच वापरू देत नाही. 'नैसर्गिक' म्हणून विकलेल्या अशा मलमांत तीव्र स्टेरॉइड सापडल्याची उदाहरणं आहेत, आणि बाळाच्या पातळ त्वचेतून ते रक्तात जातं.

मग घेऊ काय, हा प्रश्न आलाच. अंघोळीसाठी सामू 5.5 च्या आसपासचा, साबणरहित, सुगंधविरहित क्लीन्झर, तोही फक्त मळलेल्या जागी. अंगाला एकच मॉइश्चरायझर, घटकांची यादी जितकी छोटी तितका बरा. त्यात युरिया (ओल धरून ठेवणारा घटक) जास्त असेल तर सोललेल्या त्वचेवर झोंबतो, म्हणून या वयात नको. लोशन, क्रीम, जेल की मलम यावर पालक खूप वेळ घालवतात. ब्रिटनमध्ये मुलांवर झालेल्या आणि 2022 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या चारही प्रकारांच्या परिणामात फरक आढळला नाही. जे घरात रोज, न कंटाळता लावलं जाईल ते निवडा, असं मी सांगतो. पंप असलेली बाटली उत्तम. उघड्या डबीत बोट घालू नका, स्वच्छ चमच्याने काढा.

खरी चूक प्रमाणात होते. हे पालक महिन्याला एक छोटी ट्यूब वापरत होते. एवढ्या बाळाला आठवड्याला 100 ते 200 ग्रॅम लागतं. अंघोळ 5 ते 10 मिनिटं, पाणी कोमट. नंतर टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही, आणि त्वचा दमट असतानाच, तीन मिनिटांच्या आत, भरपूर लावायचं. केसांच्या दिशेने, वरून खाली हात फिरवायचा. उलट चोळलं की केसांची मुळं बुजून पुटकुळ्या येतात. दिवसातून आणखी एक-दोनदा लावायचं. दूध पाजण्याआधी ओठांभोवती पेट्रोलियम जेलीचा थर, म्हणजे लाळ झोंबत नाही.

लाल चट्ट्यांसाठी 1 टक्का हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे सौम्य स्टेरॉइडचं मलम, दिलं. त्याचं माप बोटाच्या पेराने घ्यायचं: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेराइतकी रेघ, साधारण अर्धा ग्रॅम, मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या त्वचेला पुरते. भीतीने ते पुसटसं लावलं की चट्टा अर्धवट बरा होतो आणि औषध उगाच लांबतं. मधाच्या रंगाची खपली, किंवा ताप आणि टोचल्यासारखे एकसारखे फोड दिसले तर त्याच दिवशी यायचं. हे फोड नागिणीच्या कुळातल्या हर्पिस विषाणूचे असू शकतात आणि तिथे तास महत्त्वाचे असतात.

पुढच्या भेटीपर्यंत डायपरखालची आणि तोंडाभोवतीची लाली गेली होती. कोपरांवरचे चट्टे फिके झाले, पण होते. ते जन्मजात कोरड्या त्वचेचे, त्यांचं येणं-जाणं काही वर्षं चालेल. पॅच टेस्ट, म्हणजे संशयित पदार्थ पट्टीखाली त्वचेवर ठेवून ॲलर्जी तपासणारी चाचणी, आईची केली, आणि तिच्यात मिथाइलआयसोथायाझोलिनोनची ॲलर्जी स्पष्ट दिसली. बाळाला एवढ्यात टेस्टची गरज वाटली नाही. आता कोणतंही नवं उत्पादन आधी बाळाच्या कोपराच्या आतल्या बाजूला, छोट्या जागी, दिवसातून दोनदा आठवडाभर लावून बघायचं. हा परिरक्षक शाम्पूत, भांड्यांच्या द्रवरूप साबणात आणि भिंतींच्या पाणीमिश्रित रंगातही असतो. ताज्या रंगातून तो हवेत उडून चेहऱ्यावर येतो, म्हणून घरात रंगकाम काढलंच तर आई आणि बाळाने काही आठवडे त्या खोलीत झोपायचं नाही, हेही कागदावर लिहून दिलं.