देवगडचा वारा आणि अंटार्क्टिका

आज संध्याकाळी देवगडच्या पवनचक्क्यांपाशी गेलो होतो. वारा असा की बोलणंही ऐकू येईना. भाच्याने विचारलं, "मामा, अंटार्क्टिकात पण असतात का?"

असतात की! ऑस्ट्रेलियाच्या मॉसन केंद्रावर 2003 मध्ये 300 किलोवॅटच्या दोन बसवल्या. तिथे बर्फाच्या पठारावरची थंड, जड हवा उतारावरून थेट समुद्राकडे घसरत येते, म्हणून वारा जवळजवळ थांबतच नाही. ऐन हिवाळ्यात काही दिवस सूर्य उगवतच नाही, डिझेल जहाजाने आणावं लागतं. तिथे वाऱ्याची वीज म्हणजे मोठा आधार. पण तिथे यंत्रांचीही कसोटी लागते. 2017 मध्ये मॉसनच्या एका पवनचक्कीचा माथाच खाली कोसळला. बेल्जियमच्या प्रिन्सेस एलिझाबेथ केंद्रावर मात्र 9 छोट्या पवनचक्क्या आणि सौर पॅनेल मिळून काम चालतं. मला ही छोट्या-छोट्या यंत्रांची रचनाच जास्त पटते. एक बंद पडलं तरी बाकीची आहेत.

अंटार्क्टिकातल्या आपल्या मैत्री आणि भारती या संशोधन केंद्रांचं काम बघणारी राष्ट्रीय संस्था इथून फार लांब नाही, गोव्यात वास्कोला आहे. वारा अंगावर घेत वाढलेल्या कोकणातल्या पोरांनी तिथे जावं, हे काम करावं, असं मनापासून वाटतं. भाच्याला सांगितलंय, दिवाळीच्या सुट्टीत वास्कोला जाऊ.