तेच १,६४८ पौंड, वर्षं मात्र वेगळी

मार्च २०२५मध्ये लेस्टरच्या आमच्या सल्ला केंद्रात जवळजवळ सगळे एकाच कामासाठी येत होते: नॅशनल इन्शुरन्सची (एनआय, म्हणजे ब्रिटनमध्ये पगारातून कापला जाणारा हप्ता, ज्याच्या वर्षांवर सरकारी पेन्शन ठरते) रिकामी वर्षं भरायची. एरवी मागची सहाच वर्षं भरता येतात. पण २००६-०७पासूनची जुनी वर्षं भरायची खास सवलत चालू होती आणि ती ५ एप्रिलला संपणार होती. व्हॉट्सॲपवर 'आत्ताच भरा, नंतर पस्तावाल' असे निरोप फिरत होते. निरोप खोटे नव्हते, अर्धवट होते. कुणी कोणतं वर्ष भरायचं, हे त्यात कुठेच नव्हतं.

एक काका आले ते बँकेच्या ॲपवर पैसे पाठवायच्या बेतानेच. १८ आकडी रेफरन्स नंबर कागदावर उतरवून आणलेला, रक्कम १,६४८.४० पौंड. २००८-०९ आणि २००९-१० ही दोन वर्षं, प्रत्येकी ८२४.२० पौंड. आई आजारी होती म्हणून ही दोन वर्षं ते पुण्यात होते. त्यांचा प्रश्न मला नव्हताच, त्यांना फक्त रेफरन्स बरोबर आहे का ते बघून हवं होतं. सोबत काकू होत्या आणि त्यांच्या स्टेट पेन्शन फोरकास्टचा, म्हणजे सरकारी पेन्शन किती मिळेल त्या अंदाजाचा, कागद वर होता, म्हणून पुढचं सगळं झालं.

काकूंनी होजिअरीच्या कारखान्यात शिलाई केली, पगार कायम काकांच्या निम्म्याच्या आसपास. तरी त्यांच्या फोरकास्टवर आठवड्याला २२१.२० पौंड, म्हणजे त्या वर्षीचा पूर्ण दर, आणि वर थोडी 'प्रोटेक्टेड पेमेंट', म्हणजे जुन्या हिशेबातून राखलेली, पूर्ण दराच्या वरची रक्कम. काकांच्या कागदावर १८५.४६. "अगं, मी फोरमन होतो, हिच्या दुप्पट एनआय भरला. हिला जास्त कसं?" हा प्रश्न काकांनी मस्करीत विचारला होता. मी त्यांचा कागद उलटवला. तिथे होती ती ओळ: तुम्ही कॉन्ट्रॅक्टेड आउट होता, सीओपीई (कॉन्ट्रॅक्टेड आउट पेन्शन इक्विव्हलंट) अंदाजे ५२.४० पौंड. काकांनी १८५.४६मधून हे ५२.४० पेन्सिलीने वजा करून खाली १३३.०६ लिहिलं होतं आणि मनातल्या मनात त्यावर घर चालवायचा हिशेबही मांडला होता.

ही वजाबाकी मी इतक्या कागदांवर पाहिली आहे की आता चीड येते. ती माणसांची नाही, त्या ओळीची येते. फोरकास्टमध्ये दाखवलेली रक्कम सगळी वजावट होऊनच आलेली असते. सीओपीई तिच्यातून पुन्हा कापायची नसते आणि सरकारकडून वेगळी मिळायचीही नसते. तुमच्या कंपनीच्या पेन्शनमध्ये साधारण इतका भाग स्टेट पेन्शनच्या बदल्यातला आहे, एवढंच ती सांगते. पण ती छापली आहे आठवड्याच्या पौंडांत, मुख्य रकमेसारखीच. वाचणारा वजाबाकीच करणार.

१९७८पासून ब्रिटनमध्ये मूळ पेन्शनच्या वर पगाराशी जोडलेली दुसरी पेन्शन होती: आधी सर्प्स, २००२पासून स्टेट सेकंड पेन्शन. कंपनीची स्वतःची पेन्शन योजना पुरेशी चांगली असेल तर कंपनी आणि कामगार दोघंही या दुसऱ्या भागातून बाहेर पडू शकत, त्यालाच कॉन्ट्रॅक्टिंग आउट म्हणत. बदल्यात दोघांचाही एनआय कमी. १९९७ ते २०१२ या काळात कामगाराला १.६ टक्के सूट होती, नंतर २०१६पर्यंत १.४. पगाराच्या एका ठरावीक पट्ट्यावर ही सूट असे, आणि मालकाची त्याहून मोठी. पेस्लिपवर एनआयच्या वर्गाचं अक्षर ए ऐवजी डी यायचं. काका फोरमन होते त्या कंपनीच्या जुन्या पेस्लिपा त्यांनी जपून ठेवल्या आहेत, सगळ्यांवर डी. त्याचा अर्थ त्यांना पंचवीस वर्षांत कंपनीत कुणी सांगितला नव्हता. म्हणजे 'हिच्या दुप्पट एनआय' म्हणताना एक गोष्ट सुटत होती. पगार दुप्पट, दर कमी.

आता २०१६. त्या वर्षी ६ एप्रिलला नवी स्टेट पेन्शन आली आणि कॉन्ट्रॅक्टिंग आउट बंद झालं. त्या दिवशी प्रत्येकाचे दोन हिशेब झाले आणि जो मोठा तो 'सुरुवातीची रक्कम' म्हणून धरला. काकांचे दोन्ही मी कागदावर मांडले, कारण त्याशिवाय पुढचं कळत नाही.

जुन्या नियमाने: मूळ पेन्शन पूर्ण मिळायला ३० वर्षं लागत, काकांची ३२ होती. म्हणून पूर्ण ११९.३०. वर दुसरी पेन्शन, वजावट जाऊन उरलेली ११.२०. ती मुख्यतः २०१० ते २०१६च्या शेवटच्या नोकरीतली, कारण तिथे ते कॉन्ट्रॅक्टेड आउट नव्हते. एकूण १३०.५०.

नव्या नियमाने: पूर्ण दर १५५.६५, पण त्याला ३५ वर्षं लागतात. ३२ वर्षांचे १४२.३१, त्यातून कॉन्ट्रॅक्टेड आउट काळाची वजावट ५२.४०. उरले ८९.९१.

मोठा १३०.५०. तोच २०२४-२५च्या दराने १८५.४६ झाला. काकूंचा जुना हिशेबच १५५.६५च्या वर गेला होता, कारण त्यांच्या कारखान्यात वेगळी पेन्शन योजना नव्हती आणि त्या कायम सर्प्समध्ये राहिल्या. कंपनीची पेन्शन त्यांना शून्य. काकांना मात्र ती २०१६पासून, वयाच्या ५६व्या वर्षापासून दरमहा मिळते आहे. दोघांच्या रकमा शेजारी ठेवताना हा भाग कुणी मोजत नाही.

आणि आता ती दोन वर्षं. समजा काकांनी २००८-०९ आणि २००९-१० भरली. जुन्या हिशेबात मूळ पेन्शन आधीच पूर्ण आहे, ३२ची ३४ वर्षं झाली तरी ११९.३०च्या वर जात नाही. नव्या हिशेबात ३४ वर्षांचे १५१.२०, वजा ५२.४०, म्हणजे ९८.८०. वाढले खरे, पण १३०.५०च्या खालीच. मोठा आकडा जो होता तोच राहिला. म्हणजे १,६४८.४० पौंड भरून पेन्शनमध्ये एक पेनीही वाढ नाही.

काकांचा विश्वास बसेना, आणि मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या एनआय रेकॉर्डच्या पानावर त्या वर्षांपुढे स्वच्छ लिहिलेलं होतं: वर्ष अपूर्ण, ८२४.२० भरू शकता, अमुक तारखेपर्यंत. वर्ष विकत घेता येतं याचा अर्थ ते उपयोगाचं आहे असा कुणीही काढेल. २०२४पासून कोणत्या वर्षाने पेन्शन किती वाढते ते दाखवणारी वेगळी ऑनलाइन सोयही आली, पण लोक रेकॉर्डच्या यादीवर थांबतात. त्यात काकांनी कारखान्यात मुरलेल्या माणसाचा नियम लावला: जुना माल आधी काढा. इथे तो उलटा पडतो. तीस किंवा जास्त वर्षं असलेल्या आणि बराच काळ कॉन्ट्रॅक्टेड आउट राहिलेल्या माणसाला २०१६च्या आधीचं वर्ष बहुधा काहीच देत नाही, नंतरचं देतं. आमच्याकडचे एक सहकारी याला 'हेल्पलाइनला विचारा' एवढंच सांगून पुढचा नंबर पुकारतात. मार्चच्या त्या दिवसांत हेल्पलाइन लागणं म्हणजे काय होतं, हे त्यांनाही माहीत होतं.

२०१६नंतरचा हिशेब सोपा आहे. सुरुवातीची रक्कम पूर्ण दरापेक्षा कमी असेल तर नंतरचं प्रत्येक पूर्ण वर्ष पूर्ण दराचा पस्तिसावा भाग वाढवतं, पूर्ण दर गाठेपर्यंत. २०२४-२५च्या दराने आठवड्याला ६.३२ पौंड. काकांची तूट ३५.७४, म्हणजे सहा वर्षं हवीत; पाच पूर्ण वाढीची आणि सहावं उरलेल्या ४.१४साठी. २०१६मध्ये त्यांनी काम थांबवलं होतं, त्यामुळे तेव्हापासूनची सगळी वर्षं रिकामीच होती. ६.३२ गुणिले ५२ म्हणजे वर्षाला ३२८.६४. ८२४.२० भरलेले अडीच वर्षांत परत. कर जाऊन थोडं जास्त लागेल, कारण स्टेट पेन्शन करपात्र आहे आणि काकांची कंपनीची पेन्शनही आहे.

सहाही वर्षं पैसे भरूनच घ्यायची का? मी विचारलं, "काका, नातवंडं सांभाळलीत का?" काकू हसल्या. नातू २०१८चा, मुलगी कामावर परत गेल्यापासून तो रोज यांच्याकडे. बारा वर्षांखालच्या नातवंडाला आजी-आजोबा सांभाळत असतील आणि आईबाप नोकरी करत असतील, तर चाइल्ड बेनिफिटसोबत (मुलांसाठीचा सरकारी भत्ता) येणारं एनआय क्रेडिट, म्हणजे पैसे न भरता मोजलं जाणारं वर्ष, आजी किंवा आजोबांच्या नावे करता येतं. २०११पासूनच्या वर्षांसाठी मागता येतं, फुकट. आठवड्यात किती तास याची अट नाही. लॉकडाउनच्या काळात फोनवर किंवा व्हिडिओवर मुलाला सांभाळलं तेही धरतात. अट एकच नडते: चाइल्ड बेनिफिटचा अर्ज केलेला असला पाहिजे. चांगल्या पगाराची बरीच घरं 'आपल्याला मिळणारच नाही' म्हणून अर्जच करत नाहीत, आणि मग हे क्रेडिट द्यायला त्यांच्याकडे काही नसतं. काकांच्या मुलीने अर्ज केला होता. काकू स्वतः कामावर असल्याने त्यांना क्रेडिटची गरज नव्हती. २०१९-२०, २०२०-२१, २०२१-२२, अशी तीन वर्षं काकांच्या नावे मागायची ठरली. सही काकांची आणि मुलीची, दोघांची लागते.

उरली तीन. क्रम मुदतीने ठरवला. २०१६-१७ आणि २०१७-१८ ही ५ एप्रिलनंतर कायमची हातातून जाणार होती, म्हणून ती आधी. तिसरं वर्ष २०२२-२३ धरलं, त्याला २०२९च्या एप्रिलपर्यंत मुदत आहे, क्रेडिटचा निकाल लागल्यावर भरता येईल. क्रेडिट नाकारलंच तर २०१९-२० भरायला आणखी एक वर्ष हातात होतं. फोन लागला नाही तरी मुदतीच्या आत ऑनलाइन कॉलबॅकची विनंती नोंदवली की हक्क राखला जात होता, तीही नोंदवून ठेवली. आणि पैसे पाठवताना कोणत्या वर्षांसाठी ते कळवायचं, हे रेफरन्सच्या कागदावरच मोठ्या अक्षरांत लिहून दिलं.

म्हणजे पैसे तेच, १,६४८.४०. आधी ज्या दोन वर्षांवर जाणार होते तिथे मिळणार होतं शून्य. आता आठवड्याला १२.६४, वर्षाला ६५७ पौंड, हयातभर. काका निवृत्तीनंतर पुण्याला राहायला जायचं म्हणतात. तिथे कायमचं राहिलं की ब्रिटनची स्टेट पेन्शन ज्या दराला सुरू होते किंवा निघताना असते तिथेच गोठते, दरवर्षीची वाढ भारतात मिळत नाही. भरलेली वर्षं त्याने वाया जात नाहीत, पण हे तिकीट काढण्याआधी माहीत हवं. काकांना ते माहीत नव्हतं. पुण्यातल्या त्यांच्या मित्रांनाही नव्हतं.

एक गोष्ट मात्र मला काकांना पटवता आली नाही. "ते ५२.४० माझ्या कंपनीच्या पेन्शनमध्ये आहेत ना? मग दाखव कुठे आहेत." कंपनीच्या योजनेकडून त्याच महिन्यात पत्र आलं होतं: एप्रिलपासूनची वाढ आधीच्या वर्षांपेक्षा बरीच कमी. त्याचं कारण मला सांगता आलं. ऑक्टोबर २०२४मध्ये ते ६५चे झाले आणि त्यांच्या पेन्शनमधला जीएमपी, म्हणजे योजनेने हमी दिलेला किमान भाग, वेगळा धरला जाऊ लागला. एप्रिल १९८८च्या आधीच्या जीएमपीवर वाढ देणं योजनेला बंधनकारक नाही, नंतरच्या भागावर महागाईप्रमाणे पण जास्तीत जास्त ३ टक्के. पूर्वी ही कसर सरकार स्टेट पेन्शनमधून भरून काढायचं. २०१६नंतर निवृत्तीचं वय गाठणाऱ्यांना ते बंद झालं. कॉन्ट्रॅक्टिंग आउटमध्ये खरंच काही गेलं असेल तर ते इथे गेलं आहे, आणि याबद्दल फोरकास्टवर एक शब्द नाही.

पण जीएमपी फक्त १९७८ ते १९९७च्या नोकरीचा असतो, सीओपीई २०१६पर्यंतच्या कॉन्ट्रॅक्टेड आउट काळाचा अंदाज. जीएमपी नोकरी सोडल्यापासून ठरावीक दराने वाढत आला. २००८मध्ये सोडणाऱ्यांना तो स्थिर दर वर्षाला ४ टक्के. त्यात काकांनी ५६व्या वर्षी पेन्शन घेतली म्हणून कपात, आणि एकरकमी पैसे उचलून घराचं कर्ज फेडलं म्हणून आणखी कपात. दोन आकडे जुळायचं कारणच नाही. हे मी समजावलं, काकांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा विचारलं, "पण आहेत कुठे?"

शेवटी योजनेच्या व्यवस्थापकांना पत्र लिहून दिलं: नोकरी सोडतानाचा जीएमपी किती, त्यातला १९८८च्या आधीचा आणि नंतरचा किती, ६५व्या वर्षी किती झाला, आणि मे १९९० ते एप्रिल १९९७च्या काळासाठी स्त्री-पुरुषांचा जीएमपी समान करण्याचा हिशेब त्यांच्या बाबतीत झाला आहे का. उत्तरात चार आकडे येतील. ५२.४० त्यात नसेल.