190 न्यूटनमीटर म्हणजे पान्यावर उभा असलेला मी

नोंद चौथी, आणि सुरुवात खोडाखोडीने. पहिल्या नोंदीत मी ठणकावून लिहिलं होतं की गाडीला घाटात टॉर्क (फिरवण्याचा जोर) लागतो, पॉवर (काम किती झटपट होतं ते) लागते ती एक्सप्रेसवेवर. गॅरेजमध्ये ऐकलेलं वाक्य, भारी वाटलं, ठोकून दिलं. गेल्या तीन रविवारांत माझ्याच वहीतल्या आकड्यांनी त्याची वाट लावली.

आधी पान्याची गोष्ट. सासवडच्या अलीकडे पंक्चर झालं आणि चाकाचा एक नट काही केल्या सुटेना. पाना आडवा बसवला आणि त्याच्या टोकावर चक्क उभा राहिलो. माझं वजन 65 किलो, पाना 30 सेंटिमीटरचा. 65 गुणिले 9.81 (गुरुत्वाकर्षणाचा आकडा) गुणिले 0.3, म्हणजे 191 न्यूटनमीटर; टॉर्क याच मापात मोजतात. मामेभावाच्या 2018च्या डिझेल स्विफ्टचा ब्रोशरमधला टॉर्क आहे 190! म्हणजे तेवढा वेळ मी अख्खं 1.3 लिटरचं टर्बो डिझेल इंजिन होतो. फक्त नट जागचा हलला नाही. टॉर्क भरपूर, फिरणं शून्य, म्हणून पॉवरही शून्य. (शेवटी पान्यात पाइप घालून लांबी दुप्पट केली, तेव्हा कुठे कर्र आवाज आला.)

पॉवर मोजायला घरचा जिना घेतला. चार मजले, 12 मीटर उंची, पळत 20 सेकंद. ब्रोशरमधला एक पीएस, म्हणजे एक घोडा (अश्वशक्ती), म्हणजे 75 किलो वजन सेकंदाला एक मीटर उचलणं. या हिशेबाने मी 0.52 पीएस निघालो. अर्धा घोडा, तोही वर पोचल्यावर कठड्याला धरून उभा. तोच जिना दोन मिनिटांत रमतगमत चढलो. वजन तेच, उंची तीच, पॉवर मात्र एक षष्ठांश. टॉर्कला वेळ कळत नाही. पॉवर म्हणजे मुळात वेळेचाच हिशेब.

दोघांना जोडणारं सूत्र: न्यूटनमीटर गुणिले आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) भागिले 7024 बरोबर पीएस. माझ्या पेट्रोल स्विफ्टचा टॉर्क 4200 आरपीएमला 113, म्हणजे तिथे 68 पीएस. 83 पीएस मिळतात ते 6000ला, आणि उलट गणित केलं तर तिथे टॉर्क 97पर्यंत उतरलेला असतो. म्हणजे टॉर्क घसरतोय तरी पॉवर वाढतेय, कारण फेरे त्याहून जास्त वाढलेत. हे कागदावर मांडेपर्यंत माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

आता फलटणचे मामा. त्यांनी चहा घेता घेता विचारलं, "काय रे, तुझी गाडी 83 घोड्यांची ना? माझा ट्रॅक्टर 45चा. मग यंदा उसाच्या ट्रॉल्या तूच ओढ की!" सगळे हसले, मी घरी येऊन गणित केलं. 45 एचपी, 1900 आरपीएमला, म्हणजे टॉर्क साधारण 170. मामांच्या ट्रॅक्टरचं इंजिन त्यांच्याच मुलाच्या कारपेक्षा काही जास्त टॉर्क देत नाही! ट्रॉल्या ओढतो तो गिअरबॉक्स. चाकाचे फेरे तो इतके कमी करतो की चाकावरचा टॉर्क तितक्याच पटीने वाढतो. वेग देऊन जोर विकत घ्यायचा, असा हा सौदा. पॉवर मात्र कुठलाच गिअर वाढवू शकत नाही, उलट थोडी घर्षणात खातो.

हे कळल्यावर दिवे घाटाची चाचणी नव्याने केली. पहाटे, रस्ता मोकळा, एकाच सरळ चढाच्या पट्ट्यावर वेग ताशी 40 किलोमीटरवरून 60वर न्यायचा, शेजारी बसलेला मामेभाऊ घड्याळ धरून. गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं ओबीडी डोंगल मोबाइलला जोडलेलं.

माझी पेट्रोल, तिसरा गिअर: 40ला साधारण 1900 आरपीएम, वेळ 13 सेकंद. मामेभावाची डिझेल, तिसरा गिअर: 7 सेकंद. इथेच थांबलो असतो तर गॅरेजवाल्याचं वाक्य खरं ठरलं असतं. 2000 आरपीएमला डिझेल 54 पीएस देते. पेट्रोलला तिथे सगळेच्या सगळे 113 न्यूटनमीटर मिळतात असं धरलं तरी 32च.

मग माझीच गाडी दुसऱ्यात टाकली. 40ला 2850 आरपीएम, इंजिन ओरडायला लागलं, आणि वेळ आला साडेपाच सेकंद. इंजिन तेच, टॉर्क जवळपास तेवढाच. वाढले फक्त फेरे, म्हणजेच पॉवर. घाटात माझी गाडी दमत नव्हती, मीच गिअर पाडायला आळस करत होतो.

तरी डिझेलवाल्यांचं सुख खोटं नाही. ती पॉवर त्यांना गिअर न बदलता, आवाज न वाढवता मिळते. दर वळणावर दुसरा-तिसरा करून माझं मनगट दुखतं, ते कुठल्या ब्रोशरमध्ये छापत नाहीत.

राहिलेलं काम: डिझेलची दुसऱ्या गिअरमधली वेळ, आणि 1500 आरपीएमच्या खाली टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) जागा होईपर्यंत किती सेकंद जातात ते. मामेभाऊ म्हणतो, दुसऱ्यात तो 40 ते 60 पाच सेकंदांच्या आत करून मला मागे टाकेल. सूत्रात आकडे घालून पाहिले. बहुधा टाकेल.