श्रीचे खिळे

शाळांमध्ये बोलावतात तेव्हा मुलं हमखास विचारतात, "सर, तुम्ही लेखक कसे झालात?" लहानपणी पुस्तकांचा फडशा पाडला असेल, असं त्यांना वाटतं. कसलं काय! बारावीनंतर अमळनेरच्या एका छापखान्यात जुळारी, म्हणजे खिळे (अक्षरांचे शिशाचे ठसे) जुळवून मजकूर तयार करणारा, म्हणून चिकटलो. शहरात ऑफसेट आलं होतं, पण आमचे मालक खिळ्यांवर छापणारं जुनं ट्रेडल यंत्र सोडायला तयार नव्हते.

लग्नसराईत खरी तारांबळ. खानदेशातली पत्रिका म्हणजे अख्खं गोत, आणि प्रत्येकाला श्री. लागणारच. श्रीचे खिळे सगळ्यांत आधी संपायचे. मग मालक आतून ओरडायचे, "मामांचे श्री काढ, व्याह्यांना लाव!" 'ज्येष्ठ चिरंजीव' जुळवताना ष्ठ मिळाला नाही की मी 'थोरले चिरंजीव' करून टाकायचो. वाचायलाही तेच गोड लागे. कोणी तक्रार केली नाही.

लिहायला मात्र शिकलो ते गंधमुक्तीच्या, म्हणजे माणूस गेल्यावर सुतक संपवणाऱ्या विधीच्या, पत्रांवर. खेड्यावरून कोणी तरी यायचं, बाकड्यावर टेकायचं आणि म्हणायचं, "लिखी दे भो, तुले जे बरं दिसी ते." मी विचारायचो, बाबा कसे होते? मग अहिराणीत सुरू. प्रताप मिलमधली पाळी, मिल बंद पडल्यावरचे हाल, बैलाला स्वतःच्या ताटातली भाकरी द्यायची खोड. एवढं सगळं कार्डावरच्या चार ओळींत बसवायचं. बैल कधी बसला नाही. आप्तेष्टांची नावं घालता घालताच कार्ड भरायचं.

तो बैल पुढे आकाशवाणी जळगावला दिलेल्या श्रुतिकेत आला. तिथून रविवारच्या पुरवण्या, मग कथा.

बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलाने, सोपानदेवांनी, टिपून ठेवलेली त्यांची गाणी १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर पुस्तकात आली. त्यांच्या मुलखात राहून "आमच्याकडे वाचनसंस्कृती नाही" असं रडगाणं गाणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. आधी बाकड्यावर बसून ऐका की! २०२४ मध्ये ९७वं साहित्य संमेलन अमळनेरला प्रताप महाविद्यालयाच्या आवारात भरलं, तेव्हाही माझा बराच वेळ मांडवाबाहेर चहावाल्यापाशीच गेला.

कथासंग्रहाच्या मानधनाचं विचारू नका. घर अजून मानपत्रांवर आणि पत्रिकांवरच चालतं. परवा एक निवृत्त गुरुजी स्वतःचंच मानपत्र लिहून घ्यायला आले. विशेषणं त्यांनी घरूनच आणली होती, दोन पानं भरून.