जुहूला अडकलेले दोन दिवस

समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर ड्यूटीला जायचं होतं. मेडिकल झालं, हुएटचं (पाण्यात पडलेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडायचं) ट्रेनिंग झालं, पास हातात आला. त्यातल्या कशाबद्दल माझी तक्रार नाही. अडलो ते जुहूच्या हेलिकॉप्टर तळावरच्या वेटिंग रूममध्ये.

डोंबिवलीहून पहाटेची लोकल पकडून, पार्ल्याहून रिक्षाने तळावर पोचलो. बॅगेसकट वजन झालं. मग बसून राहिलो. आठ वाजले, दहा वाजले. काउंटरवर एकच उत्तर: "डिले आहे, बसा." दुपारी घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. डोक्यावरून विमानं जात होती, बाहेर जानेवारीचं ऊन होतं, मग आमचंच काय अडलंय? माझा आवाज चढला. तिकडे प्लॅटफॉर्मवर मी ज्याच्या जागी जाणार होतो, तो माणूस घरी यायला थांबला होता.

शेजारी वीस वर्षं 'मुंबई हाय'ला, म्हणजे समुद्रातल्या तेलक्षेत्रावर, ये-जा करणारे एक काका होते. म्हणाले, "त्यांना घाई करू नकोस. ऊन इथलं आहे. आपल्याला जायचंय दीडशे किलोमीटरच्या पुढे." मग त्यांनीच समजावलं. धुरकटात पाणी आणि आकाश एकाच राखाडी रंगाचं होतं, क्षितिज पुसलं जातं. कानातला तोल अशा वेळी फसवतो. हेलिकॉप्टर वळत खाली जात असलं तरी सरळ चाललंय असंच वाटतं. पायलट यंत्रांवर भरवसा ठेवून येतो, पण शेवटी नजर काचेबाहेर काढून प्लॅटफॉर्मवरचा एवढासा हेलिडेक (उतरायची जागा) शोधावाच लागतो, तोही क्रेन आणि लोखंडाच्या गर्दीत. १३ जानेवारी २०१८ ला जुहूहूनच निघालेलं हेलिकॉप्टर समुद्रात कोसळलं. सातही जण गेले. त्यातल्या एकाबरोबर काकांनी ड्यूटी केली होती.

मी गप्प झालो. पण काउंटरवरचा राग अजून आहे. "समुद्रावर व्हिजिबिलिटी नाही" एवढं सांगायला काय जात होतं? ते कळलं असतं तर कुणी आवाज चढवला नसता. तुम्हाला नुसतं "डिले" म्हणाले तर कारण विचारा, पण "कधी सोडता" म्हणून मागे लागू नका.

आणि हो, नाश्ता हलका करा. ओळखपत्र वरच्या खिशात ठेवा.

तिसऱ्या दिवशी साडेदहाला उडालो. बसल्या बसल्या आधी खिडकीची चौकट हाताने चाचपली, लाइफ जॅकेट आत फुगवायचं नाही हे मनात दोनदा घोकलं. बऱ्याच वेळाने काकांनी बोट दाखवलं. लांब पाण्यावर फ्लेअरची, म्हणजे प्लॅटफॉर्मवर जाळल्या जाणाऱ्या वायूची, ज्योत स्पष्ट दिसत होती.